हत्तीणबाईंची आत्या

दुपारी जेवणं आटोपून लवंडले होते, तेवढ्यात भाचेसुनेनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात 1 फेब्रुवारी 2025 ला जन्मलेली हत्तीण, तुला-तू. जन्मतःच शंभर किलोच्या घरातलं धूड, पण स्वतःच्या सोंडेचं काय करायचं याचा पत्ता नाही. सोंड पायात येते, बाई अडखळतात, मग तीच तोंडात घालून चोखतात. दूध प्यायला सोंड लागत नाहीच. ती कपाळावर टाकायची आणि तोंड थेट आईच्या पुढच्या पायांमध्ये घुसवायचं.

नाव म्हणे लोकांनी मतं देऊन ठरवलं. मग आत्या कशाला असते?

मी आत्या आहे, म्हणून बोलते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या माहेरच्या घरी बारशाला आत्याचा केवढा मान! पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं आणि पाठीत धपाटे खायचे. हल्ली नाव आधीच फुग्यांच्या कमानीवर झळकत असतं. मी कानात सांगते ते गुपित कसलं, केटरिंगवाल्यालाही ठाऊक असतं. धपाटे मात्र खरे.

पण हत्तींच्यात आत्या असणार कुठून? कळप सगळा बायकांचा: आजी, आई, मावश्या, मावसबहिणी. मुलगे मोठे झाले की बाहेर पडतात, त्यांच्या बहिणी कायमच्या माहेरीच. आणि दिवस किती, तर बावीस महिन्यांपर्यंत! डोहाळजेवण कितव्या महिन्यात करायचं?

एरवी बडोद्यात वाढलेल्या माणसाला हत्ती म्हटलं की आधी गहू आठवतो. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायला बाबांबरोबर हाथीखान्यात जायचे. नाव हाथीखाना, आत नुसती पोती. व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे बाबांच्या तळहातावर ओतायचा, बाबा एक दाणा दाताखाली फोडायचे आणि उगाच तोंड वाकडं करायचे, भाव उतरावा म्हणून. "बाबा, हत्ती कुठेत?" "जेवायला गेलेत." मला ते पुष्कळ दिवस खरं वाटत होतं. घरी आई गव्हाला एरंडेल चोळायची, शेजारच्या गुजराती आजी, म्हणजे बा, त्याला दिवेल म्हणायच्या. तो वास पोळीलाही येतो असं मी म्हणायचे आणि कुणी ऐकायचं नाही.

तर नावाचं. 2024 मध्ये केनियातल्या हत्तींवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. हे हत्ती एकमेकांना वेगवेगळ्या, नावासारख्या आवाजांनी हाका मारतात असं त्यात दिसलं. त्यांचे हुंकार इतके खालच्या पट्टीतले की बरेचसे आपल्याला ऐकूच येत नाहीत. आता पोर्टलंडचे हत्ती आशियाई, त्यांच्यात अशी रीत आहे का हे मी कशाला सांगू? पण त्याच प्राणिसंग्रहालयात 1962 साली पॅकी जन्मला, पश्चिम गोलार्धात तब्बल 44 वर्षांनी जन्मलेला पहिला हत्ती. 2017 मध्ये गेला. माणसं त्याला जन्मभर पॅकी म्हणत राहिली. आई काय म्हणत होती?

मतं घ्यायचीच तर पहिलं मत तिचं.

तसं माझं तरी कुणी विचारलं होतं? लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि सगळ्यांनी वाकून वाचल्यावर मीही वाचलं. यांना ते फार आवडायचं. मला अजूनही आवडत नाही.