बियांच्या द्राक्षांचं गिऱ्हाईक

अथणी तालुक्यात द्राक्ष म्हटलं की बेदाणा. तेलसंग-ऐगळीच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर शेडमधल्या जाळ्या हिरव्या घडांनी गच्च असतात आणि वाळलेला माल तासगाव नाहीतर विजयपूरच्या सौद्याला निघालेला असतो. बागा बहुतेक थॉमसन या बिनबियांच्या वाणाच्या, किंवा त्याच्यातून निवडून काढलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमनच्या. आमची रोपवाटिकाही याच कलमांवर उभी राहिली आणि आजही कामगारांचे पगार त्यांच्यावरच निघतात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोकांना वाटतं आम्ही फक्त जुने वाण सांभाळून जगतो.

जुन्या वाणांचा नाद अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मांडवाच्या कडेला त्यांनी भोकरी, काळी साहेबी, गुलाबी, फकडी असे वेल लावले होते. पाहुण्यांकडं तासगावला, नाशिकला गेले की येताना ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून आणायचे. आई म्हणायची, "बी थुंकत द्राक्ष खाणारी माणसं उरल्यात का आता?" प्रश्न रास्त होता. धंदा हातात आल्यावर मलाही तोच पडला.

हे वाण 'देशी' म्हणून मागणारे बरेच येतात. त्यांना खरं ते सांगतो. गुलाबी म्हणजे युरोपातलं मस्कत हॅम्बर्ग. बेंगळूर ब्लूमध्ये तर अमेरिकी द्राक्षाचं रक्त आहे, तरी त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते योग्यच झालं. दख्खनमध्ये द्राक्ष मुरून मात्र शतकं झाली. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथं वर्षाला दोनदा द्राक्ष येतं असं त्यानं लिहून ठेवलं. आपल्या हवेत वेल थंडीनं झोपत नाही, म्हणून तर आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी करून त्याच्याकडून वर्षाला एकच पीक घेतो.

अडचण पाण्याची होती. आमच्या बोअरचं पाणी खारट, जमीन काळी. स्वतःच्या मुळांवरचे जुने वेल उन्हाळ्यात पानांच्या कडा करपून बसायचे. मग थॉमसनसाठी करतो तेच केलं. फेब्रुवारीत डॉगरिजचे, म्हणजे खारं पाणी सोसणाऱ्या मुळांच्या वेलाचे, खुंट लावले आणि पावसाळा ओसरताना त्यावर पाचर कलम भरलं. वेल तगले. भोकरीवर डावणी हा बुरशीचा रोग लवकर येतो, ऑक्टोबरचा पाऊस लांबला की फवारणीला पर्याय नाही. पण एक खर्च वाचतो. बिनबियांच्या घडाला मणी फुगवायला जिब्रेलिक अ‍ॅसिडमध्ये बुडवावं लागतं. बियांच्या द्राक्षात ते काम बी स्वतःच करते.

वेल जगले, आता खाणार कोण? कर्नाटकचं वाइन धोरण २००७ साली आलं, बेळगाव-विजयपूर-बागलकोटचा कृष्णाकाठ द्राक्षपट्टा म्हणून पुढं आला, तेव्हा आशा वाटली. एका वायनरीच्या माणसानं भोकरीचा रस चाखला, मान हलवली आणि शिराज हे वाइनचं परदेशी द्राक्ष लावा म्हणून सांगून गेला. त्याचंही चुकलं नाही, बाटलीवर ओळखीचं नाव लागतं. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन करतात, ती पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. तिथं जुन्या वाणांना घरचंच गिऱ्हाईक आहे. आमच्या गावांत वाइनची अशी परंपरा नाही, उगाच आहे म्हणण्यात अर्थ नाही.

पण आसवाची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि द्राक्षासव तर वैद्याच्या कपाटात अजून आहे. त्यात मद्यार्क वरून घालत नाहीत. मनुकांच्या काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं टाकून तो आंबवतात. निपाणीकडच्या एका वैद्यांनी गुलाबीच्या काळ्या मनुका मागितल्या आणि आम्हाला वाट दिसली. या मनुकांना बेदाण्यासारखं पोटॅशच्या द्रावणात बुडवत नाही, नुसत्या सावलीत वाळवतो. दिवस खूप जास्त लागतात, रॅक अडकून पडतो, म्हणून भावही जास्त लावतो. वैद्य कुरकुरतात, पण दरवर्षी नेतात. त्यांच्यामुळे आणखी काही आसव करणारे आले, आणि गुलाबी आता कडेच्या मांडवावरून मुख्य बागेत आली आहे.

भोकरीला अथणीच्या बाजारात वयस्क गिऱ्हाईक आहे, कानडी-मराठी दोन्ही. टोपलीभर नेली की दुपारपर्यंत संपते. ती टिकत नाही, त्यामुळं लांब पाठवायचा विचारच सोडला. काळी साहेबी लग्नसराईत खपते. फकडीला मात्र अजून कुणी विचारत नाही. तिचे थोडे वेल ठेवलेत, थॉमसनच्या पैशावर.

कलमाला काड्या हव्या असतील तर ऑगस्टच्या आत कळवा. गुलाबीच्या विकत मिळतील. फकडीच्या फुकट देतो, अट एवढीच की आमचे वेल गेले तर तुमच्याकडून काडी परत मिळाली पाहिजे.