झाडीपट्टीच्या कॅसेटी आणि फोन : पोळ्यापासून मंडईपर्यंतची (दिवाळीनंतरच्या जत्रेपर्यंतची) नोंद

मागच्या नोंदीपर्यंत आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, कॅसेटी लॅपटॉपवर उतरवायचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलं होतं. घरात शंभराच्या आसपास कॅसेटी, बहुतेक सी-६०, म्हणजे तासाभराच्या. त्यांत दंडारी आणि खडी गंमत (आमच्याकडच्या लोककला), खंजेरीची भजनं आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या नाटकांतली गाणी. सगळं टेपरेकॉर्डरच्या अंगच्या माइकवर घेतलेलं, म्हणजे मुळातच मोनो, एकाच चॅनेलचं. मूळ फाइली फ्लॅकमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्या. ऐकायला एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस, तासाला २९ एमबीच्या आत. स्टिरिओ १२८ करून पाहिलं तर जागा दुप्पट लागते आणि कानाला फरक शून्य. ओपस हा फाइलीचा प्रकार याहूनही कमी जागेत चांगलं वाजतं, अँड्रॉइड ५ पासून फोनला ते कळतंही, पण आमच्याकडचे पेनड्राइव्ह लावायचे स्पीकर त्याला ओळख देत नाहीत. म्हणून एमपी३च.

आता हे सगळं फोनमध्ये न्यायचं. माझ्या, आणि मुख्य म्हणजे काकाजींच्या. बऱ्याच दंडारींत पेटीवर तेच आहेत, आणि ठेल्यावर बसून आपली पेटी चारचौघांना ऐकवायची त्यांना घाई झालेली.

तान्हा पोळा

सुरुवात वायरीपासून. लॅपटॉपला फोन लावला की नुसतं चार्जिंग सुरू. अँड्रॉइड आजकाल डीफॉल्टने चार्जिंगवरच असतो, वरची सूचना ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. सूचनाच येत नसेल तर वायर बदला. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कितीतरी वायरींत डेटाच्या दोन तारा नसतातच, वीज वाहणाऱ्या दोनच असतात. चांगली वायर लावली आणि फोन दिसला.

कॉपी चालू असताना लाइन गेली. आमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारली आहे, तो भिंतीवरच चालतो. लाइन आल्यावर पुन्हा कॉपी लावली आणि ‘आधीच असलेल्या वगळा’ म्हटलं. सगळं झालं असं दिसलं. पण एका दंडारीतलं गाणं नेमकं ऐन रंगात आलं की तुटायचं. एमटीपीमध्ये (वायरीने फोनमध्ये फाइली पाठवायची ही पद्धत) अर्धवट गेलेली फाइल फोनमध्ये त्याच नावाने पडून राहू शकते, आणि नाव बघून वगळणारा तिला पूर्ण समजतो. तारखेवरून ताडून पाहावं तर तेही फसवं, कारण बऱ्याच फोनमध्ये कॉपी करताना फाइलची मूळ तारीख टिकत नाही, आणि मग प्रत्येक वेळी सगळंच नव्याने जातं. ताडायचा तो आकार. फ्रीफाइलसिंक हा फोल्डर ताडून पाहणारा प्रोग्रॅम एमटीपीवरचा फोन उघडतो आणि त्यात आकारावरून तुलना करता येते. अर्धवट फाइली त्याने लगेच दाखवल्या.

तरी भारनियमनाच्या गावात एमटीपीवर कायमचं विसंबणं मला पटत नाही.

गणपती

म्हणून सिंकथिंग, म्हणजे दोन यंत्रांतले फोल्डर परस्पर सारखे ठेवणारा प्रोग्रॅम. यात फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरते आणि पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावाने दिसते, त्यामुळे लाइन गेली तरी अर्धं गाणं यादीत येत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. अँड्रॉइडचं अधिकृत ॲप २०२४च्या डिसेंबरात बंद झालं. आता लोक सिंकथिंग-फोर्क वापरतात, मीही तेच टाकलं.

इंटरनेट लागत नाही, हा आपल्यासाठी सगळ्यात मोठा गुण. घरी वायफाय नाही, टॉवर नदीच्या पल्याड. भाच्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, त्यातला मोबाइल डेटा बंद ठेवला, आणि लॅपटॉप व माझा फोन दोन्ही त्याला जोडले. एक पैशाचा डेटा न जाता दोघं बोलू लागले. भाचा नसेल आणि स्वतःच्याच फोनचा हॉटस्पॉट करायचा असेल तर ॲप हटून बसू शकतं, कारण ‘वायफाय असेल तरच चाल’ ही त्याची अट असते आणि हॉटस्पॉट देणारा फोन स्वतः वायफायवर नसतो. ॲपच्या ‘रन कंडिशन’ या सेटिंगमध्ये जाऊन ती अट सैल करा. तरीही एकमेकांना सापडत नसतील तर विंडोजचा फायरवॉल तपासा, विंडोज ते नेटवर्क ‘पब्लिक’ धरून बसलेलं असतं. शेवटचा उपाय म्हणजे लॅपटॉपचा आयपी पत्ता हाताने टाकून पुढे पोर्ट २२००० लिहायचा.

मेमरी कार्डाचा नाद मी सोडला. अँड्रॉइड ११ च्या आधीच्या फोनमध्ये सिंकथिंगला कार्डावर कुठेही लिहिता येत नाही, ॲपच्या स्वतःच्या कोपऱ्यातल्या फोल्डरपुरतीच मुभा आहे. मोनो ६४ मुळे सगळा खजिना ३ जीबीच्या आत बसतो, मग अंतर्गत मेमरीतच राहू दे.

आणखी एक. लॅपटॉपकडचा फोल्डर ‘सेंड ओन्ली’ आणि फोनकडचा ‘रिसीव्ह ओन्ली’ करा. काकाजी फोनमध्ये काय दाबतील याचा नेम नाही. दोन्हीकडून सारखं ठेवलं तर त्यांनी तिकडे पुसलेलं गाणं इकडूनही जातं.

ते झालं आणि दुसऱ्याच दिवशी काकाजी दारात.

“बाबू, माह्या फोनात भजनं दिसूनच नाई रायले जी.”

“कालपर्यंत होते ना, काकाजी?”

“कालचं कायले सांगतं? आज पाय ना.”

पाहिलं तर फाइली जागेवर होत्या, प्लेअरला तेवढ्या दिसत नव्हत्या. माझ्या फोनमध्येही तेच, आणि फक्त भजनांच्या फोल्डरात. त्या फोल्डरात भाच्याने व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या भजनांचा ‘सेंट’ फोल्डर फाइल मॅनेजरने सरसकट आणून ओतला होता. व्हॉट्सॲपच्या त्या फोल्डरात डॉट-नोमीडिया नावाची एक रिकामी, लपलेली फाइल असते. ती ज्या फोल्डरात असेल तो फोल्डर अँड्रॉइडची माध्यम-यादी वगळते, खालच्या सगळ्या उपफोल्डरांसकट. सिंकथिंगने आपलं काम चोख केलं आणि ती फाइल प्रत्येक फोनमध्ये पोचवली. लॅपटॉपवरून ती पुसली, पुसल्याचं सगळीकडे जाऊ दिलं, मग फोन बंद-चालू केले. भजनं परत आली. यानंतर तिचं नाव सिंकथिंगच्या इग्नोर यादीत (न पाठवायच्या फाइलींच्या यादीत) घातलं. क्रम हाच ठेवा. आधी इग्नोर केलं तर फोनमध्ये पोचलेली फाइल तिथेच बसून राहते.

दसरा

ही नोंद मुद्दाम मोठी लिहितो, कारण देवनागरीत नावं ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनाच हा ताप होतो आणि परदेशी मंडळींच्या मार्गदर्शनात तो कुठे सापडत नाही.

दोन तक्रारी उरल्या होत्या. पहिली म्हणजे काही फाइली फोनकडे जातच नव्हत्या, नाव फार लांब आहे असा संदेश यायचा. लॅपटॉपवर त्या मजेत होत्या. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची त्याची पद्धत) नावाची मर्यादा २५५ अक्षर-एककं आहे, फोनच्या अंतर्गत मेमरीत मात्र २५५ बाइट. इंग्रजी नावाला दोन्ही सारखंच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘दंडार’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण आत द, अनुस्वार, ड, काना, र अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. हिशेब केला तर ८५ चिन्हांवर नाव संपलं. मी तर गाण्याची पहिली ओळ, मंडळ, गाव, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, सगळं फाइलच्या नावातच लिहीत होतो. ते आता टॅगमध्ये (फाइलीच्या आत लिहिलेल्या माहितीत) गेलं आणि नावात क्रमांक व चार-पाच शब्द राहिले. क्रमांक इंग्रजी अंकांत लिहिला तर एका अंकाला १ बाइट, देवनागरीत ३.

दुसरी तक्रार जास्त चक्रावणारी. फोनमध्ये ‘तिसऱ्या रात्रीची दंडार’ दोनदा. नाव तेच, गाणी थोडी इकडे, थोडी तिकडे. एका फोल्डराचं नाव उचलून दुसऱ्याला द्यावं तर मग विंडोज म्हणे या नावाचा फोल्डर आधीच आहे. म्हणजे यंत्राला ती दोन नावं वेगळी वाटत होती.

दोन्ही नावं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत टाकून फक्त पहिल्या शब्दाची लांबी विचारली. एकाची ७, दुसऱ्याची ८. फरक ‘ऱ्या’मध्ये. हा आपला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, टिंबवाला ऱ घेऊन त्याला हलन्त आणि पुढे य, जसं तिसऱ्या. दुसरी, साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग य, जसं तिसर्‍या. वाचताना कोणालाही फरक कळणार नाही, पण पहिलं २१ बाइटचं आणि दुसरं २४. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबला की टिंबवाला ऱ येतो, मी तसाच टाइप करतो. काही टायपिंगची साधनं मात्र जॉइनरवाला र घालतात. जुन्या याद्या वेगळ्या साधनावर टाइप झालेल्या, म्हणून हा गोंधळ.

सिंकथिंग नावं युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणतं खरं. साधा र आणि खाली सुटा नुक्ता (टिंब) अशी तिसरी तऱ्हा असेल तर सिंकथिंग ती जुळवून घेईल. जॉइनरला मात्र ते नॉर्मलायझेशन हात लावत नाही. हे आपल्यालाच निस्तरावं लागतं. छोटी स्क्रिप्ट लिहून ‘र, हलन्त, जॉइनर’ जिथे सापडेल तिथे ‘ऱ, हलन्त’ केलं, फाइलींच्या नावांत आणि टॅगमध्येही. आधी कोरडी फेरी मारा, नुसती यादी छापून घ्या, कारण नाव बदललं की दोन फोल्डर एका नावावर येऊन आदळतात आणि ते हाताने एकत्र करावे लागतात. माझ्याकडे वाऱ्या, दऱ्या, नवऱ्या, कऱ्हा असलं काही ना काही बरंच निघालं. लग्नगीतांच्या फोल्डरात तर विचारू नका.

टॅगचं थोडक्यात. सीडीच्या जमान्यात एका दुकानातून भरून घेतलेल्या गाण्यांचे टॅग जुन्या कृतिदेव पद्धतीच्या फाँटात होते, ते फोनमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसतात. कन्व्हर्टरमधून काढून एमपी३टॅग या प्रोग्रॅमने आयडी३ (एमपी३चे टॅग लिहायची पद्धत) २.३, यूटीएफ-१६ असे लिहिले. जुना आयडी३ व्ही१ टॅग काढूनच टाका. त्यात शीर्षकाला ३० बाइट जागा आहे, आपली मराठी तिथे मावत नाही.

दिवाळी, मंडईच्या आधी

प्लेलिस्ट उरली होती. दंडारीची गाणी रात्रीच्या क्रमाने लागायला हवीत, गण आधी. काकाजींचा त्यावर कटाक्ष. लॅपटॉपवर केलेली एम३यू (प्लेलिस्टची फाइल) फोनमध्ये उघडली तर रिकामी. एक तर आतले पत्ते सी ड्राइव्हपासून सुरू होणारे, ते फोनला कुठून सापडणार? दुसरं, साध्या एम३यूमध्ये देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उतरली होती. एम३यू८ म्हणून जतन केलं, पत्ते प्लेलिस्टच्या जागेपासूनचे सापेक्ष ठेवले, उलट्या तिरप्या रेषांच्या सरळ केल्या. व्हीएलसी प्लेअरने लगेच घेतली. ‘ऱ्या’चं काम आधी झालेलं असल्यामुळे तुटलेली ओळ एकही निघाली नाही. उलट क्रमाने गेलो असतो तर प्लेलिस्टी पुन्हा कराव्या लागल्या असत्या.

फोन स्क्रीन बंद झाली की सिंकथिंगला झोपवायचा, तेवढी बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून त्याला सूट दिली.

काकाजींच्या फोनमध्ये सगळं पोचलं. त्यांचं आता म्हणणं असं की एका नाटकाच्या कॅसेटीत पेटी बसकी वाजते. ते खरं आहे. ती कॅसेट उतरवताना डेकचा बेल्ट सैल होता, वेग डोलतो. नवा बेल्ट टाकून ती परत उतरवायची आहे. फोनकडे ती आपोआप जाईल, नाव तेच ठेवलं म्हणजे झालं. चपटा बेल्ट गोंदिया किंवा नागपूरला कोणाला मिळाला असेल तर माप कसं घ्यायचं तेवढं सांगा, जुना ताणला गेल्यामुळे त्यावरून अंदाज येत नाही.