तुम्ही विचारलंत म्हणून: नीती पोथीतली की अंगातली?

"चांगलं-वाईट आपल्याला धर्मग्रंथांनी शिकवलं, की ते माणसात उपजतच असतं?" नाशिकसारख्या तीर्थाच्या गावी हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर असं: कच्चा माल उपजत आहे, पण नीती त्यातून घडवावी लागते. ग्रंथ हे त्या घडवण्याचं एक हत्यार, आणि तेही दुधारी.

उपजत म्हणजे किती, ते आधी पाहू. 2003 साली कॅपुचिन माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माकडिणीला खडा द्यायचा, तिनं तो परत केला की काकडीची फोड. दोघींना काकडीच मिळते तोवर सगळं सुरळीत. पण शेजारणीला त्याच खड्याबद्दल द्राक्ष मिळालं, की काकडीवाली पुष्कळदा फोड नाकारते, कधी सरळ फेकून देते. अन्यायाची चीड पोथीआधीची आहे, ती इथे दिसते. मात्र चीड आहे ती 'मला कमी मिळालं' याची. 'तिला कमी मिळालं' म्हणून आपलं द्राक्ष टाकणं ही फार पुढची पायरी आहे. तान्ह्या बाळांना मदत करणारा बाहुला आवडतो, हा 2007 चा निष्कर्षही जपून सांगावा. अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा तपासला, तेव्हा ती पसंती आढळली नाही.

माणसांवरच्या प्रयोगातला एक खेळ अधिक बोलका आहे. चौघांना प्रत्येकी 20 नाणी. सामाईक पेटीत टाकलेल्या दर नाण्यामागे चौघांनाही 0.4 नाणं मिळतं. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला 32. एकानं हात राखला तर त्याला 44, बाकीच्यांना 24. फेरीगणिक लोक हात आखडतात आणि पेटी आटत जाते. पण स्वतःच्या खिशाला खार लावून चुकाराला दंड करायची मुभा दिली, की पेटी पुन्हा भरू लागते. पुढच्या फेरीत तो माणूस भेटणार नसला तरी लोक दंड करतात. ही खोड उपजत असावी, असं मला वाटतं.

तिचं नीतीत रूपांतर कसं होतं ते आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात मोसम-आरम नद्यांच्या काठी, फड या सामाईक पाणीवाटपाच्या पद्धतीत दिसतं. बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं तर काही फड कोरडे ठेवायचे, म्हणजे टंचाईची झळ सगळ्यांना सारखी. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. यात देवाची आज्ञा लागत नाही, पण नुसत्या भलेपणावरही काही सोडलेलं नाही. वाटण्या होऊन एखाद्याचं सगळं रान एकाच फडात आलं, तर हाच नियम त्याच्यावर अन्याय करू लागतो. म्हणून नियम पुन्हा बोलून ठरवावे लागतात.

'सगळं उपजतच' म्हणणाऱ्यांना मात्र मी विटाळाचं काय, असं विचारते. नासकं अन्न, पू, घाण यांची किळस उपजत आहे, कारण तिनं रोगापासून जीव वाचवला. तीच किळस माणसांवर चिकटवली गेली आणि ग्रंथांनी तिच्यावर शिक्का मारला. म्हणजे अस्पृश्यतेत उपजत भावनाही होती आणि शास्त्राधारही होता. दोन्ही साक्षीदार चुकीच्या बाजूला उभे होते.

आणि ग्रंथही एका सुरात बोलत नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक धर्माची मुळं सांगताना वेद, स्मृती आणि सज्जनांचा आचार यांच्यासोबत 'आत्मनस्तुष्टि', म्हणजे मनाचं समाधानही मोजतो. त्याच ग्रंथातली विषमता पाहून 25 डिसेंबर 1927 ला महाडला तो जाळला गेला. कोणता श्लोक धरायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायचं, तर कसोटी त्या ग्रंथाबाहेरची लागते.

ती कसोटी कुठून येते? ज्याला वगळलं तो समोर येऊन 'का?' विचारतो आणि आपल्याला सगळ्यांना पटेल असं कारण देता येत नाही, तिथून. माकडिणीचं 'मला कमी' इथे 'कुणालाच कमी नको' होतं. पंचवटीत 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. दारं बंद करणाऱ्यांच्या हातात शास्त्राधार होता, आणि बाहेर बसलेले स्त्री-पुरुष त्याच रामाचं दर्शन मागत होते.