कार्ड मावले, वारा मावला नाही

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुकानात ग्राफिक कार्डाची, म्हणजे संगणकात चित्रे तयार करणाऱ्या भागाची, तक्रार घेऊन येणारे बहुतेक ग्राहक फक्त कार्डच पिशवीत घालून आणतात. अंधेरीत ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सचा छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या मॅडमनी मात्र त्या सकाळी अख्खा संगणक टॅक्सीत घालून आणला, आणि तो तसा आणला म्हणूनच दुखणे कुठे आहे हे कळले. कार्ड एकटे आले असते तर आमच्या उघड्या टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या टेबलावर, ते व्यवस्थित चालले असते आणि त्याच मार्गाने परत गेले असते.

तक्रार अशी होती की, रेंडर (संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घेण्याचे काम) लावल्यावर पहिली काही मिनिटे वेग चांगला मिळतो, मग प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ वाढत जातो, पंखे किंचाळू लागतात आणि अधूनमधून स्क्रीन काळा पडतो. दुसऱ्या एका दुकानाने कार्ड सदोष असल्याचे सांगितले होते. ‘‘दादा, कार्ड वॉरंटीत पाठवायचे की नाही, एवढेच सांगा. सोमवारी काम द्यायचे आहे,’’ मॅडम म्हणाल्या.

कार्ड एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०९० होते. या कार्डांच्या आकाराचा अंदाज नसलेल्यांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. २०१६ साली आलेले जीटीएक्स १०८० हे एनव्हिडियाचे स्वतःच्या बनावटीचे कार्ड साधारण २६७ मि.मी. लांब होते, दोन स्लॉट (कार्ड बसवायच्या खाचा) व्यापत होते आणि १८० वॉट वीज घेत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेले ४०९० त्याच कंपनीच्या बनावटीत ३०४ मि.मी. लांब, ६१ मि.मी. जाड आणि ४५० वॉटचे आहे. इतर कंपन्यांची कार्डे तर त्याहूनही आडदांड असतात. मॅडमचे कार्ड ३५८ मि.मी. लांब, सुमारे १५० मि.मी. रुंद आणि ७० मि.मी. जाड होते. त्याच्या जोडीला रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर, जो पूर्ण भारावर २३० वॉटपर्यंत जातो, आणि त्यावर ३६० मि.मी. रेडिएटरचा लिक्विड कूलर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पाण्याने रेडिएटरपर्यंत नेऊन पंख्यांनी काढून टाकणारा कूलर, होता.

कॅबिनेट दिसायला देखणे होते. समोर अखंड काच, बाजूला अखंड काच, आणि हवेसाठी समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना बोटभर रुंदीच्या फटी. रेडिएटर त्या समोरच्या काचेमागेच बसवलेला होता. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कार्डासाठी ४१५ मि.मी. जागा असल्याचे लिहिले होते. रेडिएटर २७ मि.मी. आणि त्याचे पंखे २५ मि.मी., म्हणजे ५२. त्यात ३५८ मिळवले की ४१०. पाच मिलिमीटर उरत होते. ज्याने तो संगणक जोडला त्याने ही बेरीज नक्की केली असणार, आणि लांबीपुरती ती बरोबरही होती.

संगणक सुरू करण्याआधी मी बाजूची काच उघडायला घेतली. शेवटचा स्क्रू सैल होताच काच आतून कुणी ढकलावी तशी बाहेर आली. कार्डाच्या वरच्या कडेतून निघणारी वीजजोडणीची वायर काचेला टेकून जवळजवळ काटकोनात दुमडली गेली होती आणि काच निघताच ती उसळली. १६ पिनांचा तो प्लग सॉकेटमध्ये तिरका बसलेला होता. तो हलकेच काढून पाहिला, तर वीजपुरवठ्याच्या जुन्या वायरी या प्लगला जोडणाऱ्या अडॅप्टरच्या एका टोकाचे काळे प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित फुगले होते. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तो प्लग पाहिला आणि वॉरंटीचा विषय पुन्हा काढला नाही.

या प्रकारचे प्लग वितळल्याच्या तक्रारी कार्ड बाजारात आल्यानंतर महिन्याभरातच जगभरातून येऊ लागल्या होत्या. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे कारण असल्याचे एनव्हिडियाने त्याच नोव्हेंबरमध्ये सांगितले, आणि पुढे या जोडणीची जी सुधारित आवृत्ती आली तिच्यात संकेत देणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या गेल्या, म्हणजे प्लग पुरता आत गेल्याशिवाय कार्डाला वीज घेण्याची परवानगीच मिळू नये. जुन्या आवृत्तीत तो बंदोबस्त तितका पक्का नव्हता. सहाशे वॉटपर्यंतची वीज १२ व्होल्टवर वाहते तेव्हा प्रवाह पन्नास अँपिअरपर्यंत जातो, आणि प्लग तिरका असला की काही पिनांचा संपर्क सुटून उरलेल्यांवर त्यांचाही भार येतो. म्हणून प्लगपासून निदान ३५ मि.मी. अंतरापर्यंत वायर सरळ ठेवावी, अशी शिफारस केली जाते. इथे कार्डाची कड आणि काच यांच्यामध्ये मी पट्टी लावून मोजले, तर जागा जेमतेम २२ मि.मी. होती.

कार्डाचे सॉकेट सुदैवाने शाबूत होते. आमच्या वरच्या मजल्यावर कार्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराने भिंगाखाली प्रत्येक पिन तपासून तसा निर्वाळा दिला. अडॅप्टर बाद करून एसएमपीएसच्याच (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्याच) कंपनीची, त्याच मॉडेलला चालणारी थेट वायर शेजारच्या दुकानातून मागवली. इथे एक सांगितले पाहिजे: एका कंपनीच्या एसएमपीएसची वायर दुसऱ्याच्या एसएमपीएसमध्ये बसते म्हणून कधीही लावू नये. प्लग सारखा दिसला तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि अशा उसन्या वायरींनी जळालेले मदरबोर्ड (संगणकाचे मुख्य सर्किट बोर्ड) या रस्त्यावर कमी नाहीत.

स्क्रीन काळा का पडत होता याचा बहुतेक उलगडा झाला होता. वेग का घटतो हे उरले होते. नवी वायर दबू नये म्हणून बाजूला काचेऐवजी पुठ्ठा थोडा फुगवून चिकटपट्टीने लावला, समोरची काच जागेवर ठेवली आणि त्यांच्याच प्रकल्पातला एक प्रसंग रेंडरला लावला. कार्डाचे तापमान चढत चढत ८४ अंशांवर गेले, पंखे शंभर टक्क्यांवर पोचले आणि क्लॉक, म्हणजे कार्डाचा कामाचा वेग, खाली उतरू लागला. रेंडर चालू असतानाच समोरची काच काढून घेतली. दहाएक मिनिटांत तापमान ७४ अंशांवर आले. कार्ड तेच, पंखे तेच, आमच्या दुकानातला एसीसुद्धा तोच.

मॅडमनी हिशोब विचारला, तो मी कागदावर मांडून दाखवला. कार्ड आणि प्रोसेसर मिळून जवळपास ७०० वॉट, आणि त्यातला प्रत्येक वॉट शेवटी उष्णताच होतो. कॅबिनेटमधून बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा दहाच अंशांनी गरम असावी अशी अपेक्षा धरली, तर दर सेकंदाला सुमारे ५८ लिटर हवा आत येऊन बाहेर गेली पाहिजे. बोटभर फटींतून एवढी हवा ओढणे त्या पंख्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. शिवाय जी थोडी हवा येत होती ती आधी रेडिएटरमधून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता घेऊन, मगच कार्डापर्यंत पोचत होती.

तेव्हा कॅबिनेट बदलायचे ठरले. मॅडमच्या मनात आधीपासून लियान ली कंपनीचे ओ११ डायनॅमिक होते, दोन बाजूंना काच असलेले, मासे पाळायच्या पेटीसारखे. त्यात कार्डासाठी ४२० मि.मी. जागा आहे, पण प्रोसेसरच्या कूलरसाठी उंचीची मर्यादा १५५ मि.मी. आहे, आणि माझ्या मते माहितीपत्रकात सर्वांत आधी वाचावा असा आकडा हाच. आपला कूलर पाण्याचा आहे म्हणून लोक तो वाचतच नाहीत. वास्तविक मदरबोर्डापासून बाजूच्या काचेपर्यंत किती खोली आहे हे त्यावरूनच कळते, आणि रुंद कार्डाच्या वायरीला वळायला जागा मिळेल की नाही हेही. २०१८ सालचे ते कॅबिनेट अशी कार्डे जन्मायच्या आधीचे आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण या कार्डासाठी ते नको. कार्ड उभे लावून काचेसमोर दाखवण्याचीही कल्पना निघाली. कार्डाचे पंखे काचेला तोंड लावून बसतात आणि पुन्हा हवेचीच उपासमार होते, म्हणून तीही मी मोडून काढली.

फ्रॅक्टल कंपनीचे टॉरेंट हे कॅबिनेट मला स्वतःला फार आवडते. समोर १८० मि.मी.चे दोन पंखे, तळाला १४०चे तीन, आणि समोरचे पंखे धरूनही कार्डासाठी ४२३ मि.मी. जागा. पण त्याच्या वरच्या भागात एसएमपीएस असतो, तिथे रेडिएटर लावता येत नाही. मॅडमना लिक्विड कूलर ठेवायचाच होता, तो मग समोर आला असता आणि कार्डाला पुन्हा तापलेलीच हवा मिळाली असती. हवेचा कूलर घेणाऱ्याला मी तेच सुचवले असते.

शेवटी लियान लीचेच लॅनकूल ३ निवडले. समोर जाळी, त्यामागे १४० मि.मी.चे तीन पंखे आणि मागे एक, असे चारही कॅबिनेटसोबतच येतात. कार्डासाठी ४३५ मि.मी., कूलरच्या उंचीसाठी १८७ मि.मी., आणि रेडिएटर छताला. जुन्या कॅबिनेटमध्ये ही उंची १६३ होती. ते २४ मि.मी. थेट वायरीच्या वाट्याला आले. पोटमाळ्यावरून खोका उतरवण्याआधी मी मॅडमना स्टुडिओत फोन करून टेबलाखालची जागा मोजून घ्यायला लावली, कारण अर्धा मीटरहून लांब आणि तितकेच उंच असे हे कॅबिनेट नेहमीच्या संगणक टेबलाच्या कप्प्यात जात नाही. जाळीमुळे धूळ वाढणार हेही सांगितले. मुंबईत, त्यातही जवळ बांधकाम चालू असेल तर, गाळण्या दर महिन्याला धुणे भाग आहे.

जोडणी पूर्ण व्हायला संध्याकाळ झाली. काच लावल्यावर वायरीपासून ती स्पष्ट दूर राहिली, आणि अडीच किलोच्या आसपास वजनाचे कार्ड लोंबू नये म्हणून टोकाखाली आधाराची दांडी दिली. तोच प्रसंग पुन्हा रेंडरला लावला, तेव्हा तापमान ६७ अंशांवर स्थिरावले आणि पंख्यांचा आवाज बोलण्याच्या आड येईनासा झाला. मग कार्ड पुन्हा काढून त्याच्या स्वतःच्या खोक्यात घातले. इतके जड कार्ड स्लॉटमध्ये ठेवून टॅक्सीने अंधेरीपर्यंत नेले तर एका खड्ड्यात मदरबोर्डाचा स्लॉट चिरू शकतो. सकाळी येताना तो वाचला हे नशीब. आमच्याकडचा मुलगा सोबत गेला आणि त्याने तिथे कार्ड बसवून, प्लगचा खटका लागल्याची खात्री करून, रात्रीचे रेंडर सुरू करून दिले.

जुने काचेचे कॅबिनेट मॅडमनी टाकले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते हिशेबाच्या संगणकासाठी आणले. त्या संगणकात वेगळे ग्राफिक कार्ड नव्हते आणि प्रोसेसर ६५ वॉटचा होता, त्यामुळे त्या बोटभर फटी त्याला पुरेशा आहेत.