काळ्या रंगाची हॉट रॉड: पत्र्यापासून पॉलिशपर्यंतचा माझा अनुभव

1932 च्या फोर्ड कूपे या दोन दारांच्या मोटारीवरून घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली माझी हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, जेव्हा स्वतःच्या इंजिनावर चालू लागली, तेव्हा मिशिगनमधील आमच्या मराठी मित्रमंडळींना काम संपले असे वाटले. प्रत्यक्षात ती गाडी पुन्हा शेवटच्या बोल्टपर्यंत सोडवायची होती. रंग देण्यापूर्वी संपूर्ण गाडी उघड्या पत्र्यावर जुळवून, चालवून, मगच सुटी करावी हा या छंदातला जुना नियम आहे आणि तो अत्यंत योग्य आहे, कारण एखादे ब्रॅकेट वेल्ड करायचे राहिले असेल किंवा दाराची फट एकीकडे अरुंद असेल, तर ते रंगानंतर दुरुस्त करणे म्हणजे तो रंग जाळून टाकणेच होय. दारांच्या फटी मी मुद्दाम किंचित मोठ्या ठेवल्या, कारण प्राइमर (रंगाखालचा पहिला लेप), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक, चकाकता लेप) यांचे थर दोन्ही कडांवर चढले की फट आपोआप कमी होते.

दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तलावांवर वेगाच्या शर्यती लावणारी मुले वजन कमी करण्यासाठी जुन्या फोर्डचे मडगार्ड काढून टाकत. त्याच पद्धतीने मीही मडगार्ड बसवलेले नाहीत. त्यामुळे 1932 च्या चासीच्या बाजूच्या पट्ट्या पूर्ण उघड्या दिसतात आणि बॉडीइतकीच गुळगुळीत सफाई त्यांनाही द्यावी लागते. या गाडीच्या छताचा मधला भाग मुळात कापडी आवरणाचा होता. तेथे मी पोलादी पत्रा बसवला. एकाच जागी उष्णता साचून पत्रा वाकू नये म्हणून लहान लहान टाके दूरदूर घालत आणि मध्ये थंड होऊ देत ते वेल्डिंग केले.

मोठ्या सपाट पत्र्यावर वाळूचा जोरदार मारा केला तर तो ताणला जाऊन लहरी पडतात, म्हणून जुना रंग रसायनाने आणि घासून काढला. उन्हाळ्यातील येथील दमट हवेत उघड्या पोलादावर गंज फार लवकर धरतो. त्यामुळे पत्रा स्वच्छ होताच त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमरचा हात दिला. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, त्यावरच भरली, आणि ती कोठेही तीन मिलिमीटरपेक्षा जाड राहणार नाही याची काळजी घेतली. जेथे त्याहून खोल खड्डा होता, तेथे हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा पोलादी ठोकळा) घेऊन पत्राच पुन्हा ठोकला.

यानंतरचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जाड थराचा राखाडी प्राइमर मारून त्यावर काळ्या पावडरीचा पातळ मार्गदर्शक थर दिला आणि लांब लाकडी ठोकळ्याला सँडपेपर लावून तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या दिशांनी पृष्ठभाग घासला. खोलगट जागी काळेपणा तसाच राहतो आणि उंचवटा लगेच उघडा पडतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी लहर हाताखाली सापडते. 180 नंबरच्या पेपरपासून 320, 400 आणि 600 पर्यंत हे चालते, आणि मध्ये पुन्हा प्राइमरचे हात द्यावे लागतात. चकाकत्या काळ्या रंगात ट्यूबलाइटची सरळ रेघसुद्धा वाकडी दिसते. त्यामुळे ही गाडी सुंदर दिसणार की नाही याचा निर्णय माझ्या मते प्राइमरच्या अवस्थेतच होतो. बोटांनी धरून पेपर घासणे मी पूर्ण टाळले, कारण बोटांच्या दाबाने तेथे चर पडतात.

रंग आणि क्लिअर यांसाठी मी भाड्याने मिळणारा स्प्रे बूथ घेतला. क्लिअरमध्ये मिसळायच्या हार्डनरमध्ये, म्हणजे तो कडक करणाऱ्या द्रवात, आयसोसायनेट हे घातक रसायन असते. त्याच्या संपर्काने कायमचा दमा जडू शकतो आणि त्याचा वास धोक्याची पूर्वसूचना देत नाही, म्हणून बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा वापरणे मी अनिवार्य मानतो. कॉम्प्रेसरच्या हवेतील पाणी आणि तेल गाळून घेतले, पृष्ठभाग द्रावकाने पुसला, चिकट कापड फिरवले आणि मगच स्प्रे गन उचलली. अर्धा पट्टा पुढच्या पट्ट्यावर चढवत, प्रत्येक हातानंतर द्रावक उडून जाईपर्यंत थांबत रंग दिला. घाई केली की ओघळ येतो.

क्लिअर कडक झाल्यावर 1000, 1500, 2000 आणि 3000 नंबरच्या पेपरने पाणी लावून घासले आणि मग बफिंग केले. कडांवर क्लिअर सर्वांत पातळ असल्याने तेथे टेप लावून मशीन दूर ठेवले आणि शेवटी हातानेच पॉलिश केले. तो खोल काळा रंग उजेडात उघडला, तेव्हा मला जो आनंद झाला तो इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हाच्या आनंदाहून मोठा होता.

जोडणीच्या वेळी रंगाखाली झाकलेल्या जागांचा त्रास होतो, कारण रंगावरून विजेचे अर्थिंग मिळत नाही. त्या जागा मी आधीच टेपने झाकून ठेवल्या असल्यामुळे दिवे आणि स्टार्टर यांची जोडणी सरळ झाली. दारे दोघांनी उचलून, कडांना टेप लावून बसवली आणि फटी आता दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत. काचा बसल्या आहेत, आतील शिवणकाम तेवढे बाकी आहे, आणि क्लिअरमधील द्रावक पूर्णपणे निघून जाईपर्यंत बॉडीवर मेण लावणार नाही.