तुम्ही विचारलंत म्हणून : बाळ एवढं बारकं कसं?

बारशाला आलेल्या जवळजवळ प्रत्येकीने विचारलं, शेजारच्या आक्कांनी तर तीनदा. "बाळ एवढं बारकं कसं गं? खात नव्हतीस का?" पोरगी आता दोन वर्षांची होईल, प्रश्न अजून तोच. तर सांगते. खात होते. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) भाकरी, शेंगाचटणी, वर तूप, कशात म्हणून हात आखडला नव्हता. कमी पडली ती वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लासेंटा.

मला ल्यूपस आहे. रोगांशी लढणारी शरीराची फौज आपल्याच अंगावर उठते, तसला आजार. सोलापूरच्या उन्हात जरा उभी राहिले की गाल लाल, सांधे धरलेले. सगळे म्हणायचे, ऊन बाधलं. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मग रक्त तपासलं, 12 आठवड्यांनी पुन्हा तपासलं, कारण एका रिपोर्टवर हे निदान पक्कं करत नाहीत. दोन्ही वेळा अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी निघाल्या, म्हणजे त्याच फौजेची आपल्यावर उलटलेली हत्यारं.

त्या करतात काय, हे आक्कांना मी नळावरून समजावलं. दिवस राहिल्यावर पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात, तिथल्या भिंतीतला स्नायू हटवतात आणि अरुंद नळ्या ऐसपैस करतात. मग रक्त संथ येतं, भरपूर येतं. या अँटिबॉडी नेमक्या त्याच पेशींवरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतात. पेशींचं काम अर्धवट राहतं, सूज येते, वर रक्ताच्या गुठळ्या. आता आपल्याकडे पाणी येतं चार-चार दिवसांनी. त्यात कनेक्शन अर्ध्या इंचाचं आणि आत गाळ बसलेला. टाकी भरेल? माझं खाणं म्हणजे उजनी धरण, आक्का. ते भरलेलंच होतं.

दुसऱ्या खेपेला म्हणून आजार सहा महिने शांत राहीपर्यंत थांबलो. ल्यूपसची हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन बंद केली नाही. बंद केली तर आजार उसळायची भीती जास्त. रात्री झोपताना ऍस्पिरिनची छोटी गोळी, आणि रोज पोटात हिपॅरिनची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधाची सुई. सुई मीच टोचून घ्यायचे. पोटावर डाग असे, की जांभळं सांडल्यासारखे. "बाळाला लागेल की गं!" आक्का म्हणायच्या. लागत नाही. हिपॅरिनचे कण मोठे, ते वारेतून पलीकडे जातच नाहीत. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेत होते, त्याचाही बराचसा जोर वारेतच मोडतो. पण 34 व्या आठवड्याच्या तोंडावर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं दिली, बारा-बारा तासांनी, तेही स्टिरॉइडच, आणि ते मात्र वारेने जाऊ दिलं. दारावरचा वॉचमनसुद्धा एवढा चोखंदळ नसतो.

अँटिबॉडींचं उलटं आहे. त्यातल्या एका जातीच्या अँटिबॉडी वार स्वतः उचलून बाळाला देते, जन्मल्यावर पहिले काही महिने त्याला आईचं संरक्षण मिळावं म्हणून. चांगल्या-वाईटाची पारख तिला नाही. आईच्या रक्तात अँटी-रो नावाच्या असतील तर त्याही जातात, आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. अशा बायकांच्या पोटातल्या बाळाचे ठोके त्यामुळे पुन्हा पुन्हा तपासतात. माझ्या रक्तात त्या नव्हत्या. "आजार पोरीला लागला का?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की आईकडून आलेल्या अँटिबॉडी काही महिन्यांत विरून जातात.

डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्ताची ओढ कमी दिसायला लागली, माझं बीपी चढलं, आणि सिझेरियन झालं. पोरगी 1 किलो 620 ग्रॅम. मी वार दाखवा म्हणाले, तेव्हा भुलीच्या डॉक्टरांनी हसून सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने ट्रे जवळ आणला. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्ध्या किलोची, वीत-सव्वा वीत रुंद, कलेजीच्या रंगाची असते. माझी तळहाताएवढी. कडेला तीन ठिकाणी पिवळट पांढरे चट्टे. सिस्टरने हातमोज्याच्या बोटाने एकावर दाबलं. बाकीची वार मऊ, तो चट्टा मात्र कडक, चिकूत दगड लागावा तसा. तिथलं रक्त बंद पडून तेवढा भाग मेला होता.

बाहेर आत्या वेगळ्याच कारणाने अडून बसल्या होत्या. वार पुरायची असते, परत द्या. डॉक्टर म्हणाले, तपासायला पाठवायची आहे, पुढच्या वेळी उपयोग होईल. फॉर्मालिनच्या बरणीत ती लॅबला गेली. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेबाहेर आम्ही दोघी उभ्या होतो. नळीतून माझं दूध चालू होतं, दर दोन तासांनी मोजून. कुणीतरी नातेवाईक बाई आमच्या मागून आल्या आणि कुजबुजल्या, "आईने खाल्लंच नसेल."

"खात होती की ओ," आत्या मागे न वळताच म्हणाल्या. "माझ्या हातची भाकरी. वार बारकी होती तिची."