धामणीची तिसरी चिरफळी

रविवार, रात्रीचे साडेदहा

सकाळी शेतावर निघालो तेव्हा खांद्याला धामणीच्या लाकडाचं धनुष्य होतं आणि डोक्यात त्याच्या बाणाच्या वेगाचा आकडा, सेकंदाला १६४ फूट. संध्याकाळी परतलो तो १५५ घेऊन. नऊ फूट कमी झाले त्याचं वाईट वाटत नाही. त्या नऊ फुटांपायी छोटीचं धनुष्य गेलं, ते मात्र मनातून जात नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी मित्राच्या बांधावरची एक धामण वादळात उन्मळून पडली. कुऱ्हाडीच्या दांड्यांना पूर्वापार वापरतात ते हे चिवट, लवचीक लाकूड. संस्कृतात या झाडाचं नाव धन्वन, म्हणजे धनुष्याशी नातं नावातच आहे. पाचरी आणि घण घेऊन आम्ही बुंध्याच्या चार चिरफळ्या केल्या. करवत मुद्दाम लावली नाही. पाचर लाकडाच्या रेषेरेषेने जाते, करवत ती रेषा कुठेही तोडते. दोन्ही टोकं लवकर सुकून तडकू नयेत म्हणून त्यांना फेविकॉल फासला आणि चिरफळ्या वर्षभर माळ्यावर ठेवल्या. मग एक मी घेतली, एक छोटीने. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, धनुष्यं बनवणाऱ्या आमच्या गटात सगळ्यांत लहान, म्हणून छोटी.

माझं धनुष्य आधी तयार झालं. २८ इंच ओढायला ४२ पौंडांचा जोर लागतो. आमच्याकडे बाणाचं वजन जोराच्या प्रत्येक पौंडाला १० ग्रेन धरतात, म्हणजे माझा बाण ४२० ग्रेनचा, साधारण २७ ग्रॅम. सगळ्यांनी हाच हिशेब पाळला तरच एकाचा वेग दुसऱ्याशी ताडून बघता येतो. हलका बाण लावून आकडा फुगवणं अगदी सोपं आहे. वेग मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून मी फोनवर आवाज रेकॉर्ड केला. निशाण १० मीटरवर आणि फोन बरोबर मधोमध, म्हणजे दोरीचा टणत्कार आणि बाण रुतल्याचा धप्प, दोन्ही आवाजांना फोनपर्यंत यायला सारखाच वेळ लागतो. दोन आवाजांत अंतर निघालं ०.२०० सेकंद. १० मीटर भागिले ०.२, म्हणजे सेकंदाला ५० मीटर, १६४ फूट. मी हरखून सगळ्यांना कळवलं.

त्याच आठवड्यात छोटीने गच्चीत रंगीत पट्ट्या लावून बाणाचं स्लो-मोशन चित्रण केलं. तिचं आलं १५२. एकाच झाडाची, शेजारशेजारची लाकडं, तेवढ्याच पौंडांची, आणि बारा फुटांचा फरक! तिला वाटलं, आपलं टिलरिंग, म्हणजे धनुष्य सारखं वाकावं म्हणून लाकूड तासणं, कच्चं राहिलं. टोकं हलकी केली की वेग वाढतो हे आम्हीच तिला शिकवलेलं. तिने काचेच्या तुकड्याने टोकं तासायला घेतली. रोज थोडं, रोज थोडं.

आज गटातल्या एकाने एअरगनवाल्या ओळखीच्याकडून क्रोनोग्राफ मागून आणला. साधी वस्तू आहे. मागेपुढे दोन डोळे. बाणाची सावली एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला त्यावरून वेग दाखवतो. बाणाच्या दांडीवर २८ इंचांच्या खुणेला लाल दोरा गुंडाळला. गटातले आबा बाजूला उभे राहून दोऱ्यावर नजर ठेवत आणि तो धनुष्याच्या पाठीला, म्हणजे निशाणाकडच्या अंगाला, टेकला की "सोड" म्हणत. ओढून धरून ठेवायचं नाही, लाकूड तेवढ्यातच मरगळतं आणि दोन-तीन फूट खातं. पाच बाण मारले: १५५, १५४, १५५, १५६, १५५.

मला वाटलं यंत्रच चुकतंय. आबांनी जन्मभर सुतारकाम केलेलं, आकडेमोडीशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. ते एवढंच म्हणाले, "दोरी वाजते तेव्हा बाणाचं टोक कुठं असतं रे?"

झालं. दोरी वाजते ती परत ताठ होताना. तोवर बाण धनुष्यातून बहुतेक बाहेर आलेला असतो, टोक मुठीच्या पुढे ५८ सेंटिमीटरवर. मी टेप लावली होती मुठीपासून. म्हणजे बाणाने त्या वेळात कापलं ९.४२ मीटर, दहा नव्हेच. ९.४२ भागिले ०.२, सेकंदाला ४७.१ मीटर, १५४.५ फूट. यंत्र खरं होतं, छोटीचं मोजमापही खरं होतं. चुकलो होतो तो मी एकटाच.

मग तिने पिशवीतून आपलं धनुष्य काढलं. आबांनी पोटावरून, म्हणजे धनुर्धराकडच्या अंगावरून, अंगठ्याचं नख हळूहळू ओढत नेलं. टोकापासून दीड वीत आत नख अडकलं. वाकून पाहिलं तर लाकडावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या, एकाखाली एक चार. तिथे लाकूड जास्त पातळ झालेलं, सगळा वाक त्या एका जागी गोळा झालेला आणि धागे दाबाखाली चुरगळलेले. पाठ अजून गुळगुळीत, लांबून धनुष्य देखणंच दिसतं. पण अशा सुरकुत्या भरून येत नाहीत. आबा म्हणाले, "पोरी, आता हे ओढू नको. हातात मोडलं तर डोळ्याला लागंल."

मी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, माझा आकडा चुकला होता, तुझं धनुष्य चांगलं होतं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, १५२ ला मीच थांबायला हवं होतं." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. मोजायची रीत मी कळवली असती, टेप कुठून लावली ते लिहिलं असतं, तर तिनेच चूक पकडली असती. मी नुसता आकडा कळवला.

जेवणानंतर माझ्या धनुष्याला कमी पदरांची, हलकी दोरी लावून पाहिली आणि वेग १५७ वर गेला. दोरीचं साधारण एक तृतीयांश वजन बाणावरच चढवल्यासारखं पडतं. भिल्लांच्या कामठ्याला, म्हणजे त्यांच्या धनुष्याला, बांबूच्या बारीक कांबीची दोरी असते, तिचाही वेग एकदा असाच मोजायचाय. आजचे आकडे मात्र टेप, वजन, दोरीचे पदर, सगळं शेजारी लिहून ठेवलंय.

घरी आल्यावर माळ्यावर चढलो. दोन चिरफळ्या उरल्यात. एकीत मधोमध गाठ आहे. दुसरी सरळ, साल अजून अंगावर, ठोकली की खणखणते. ती खाली काढून दाराशी उभी केली आणि छोटीला फोन केला. बुधवारी कॉलेज सुटल्यावर येते म्हणाली, आणि काचेचा तुकडा आणू का विचारत होती. मी म्हटलं, आण, आणि टेपही आण.